घेऊ नका म्हणणारे तात्या

तात्या नसते तर आज मी दोन पायांवर सरळ उभा राहून काम करत नसतो. हे आधी लिहून ठेवतो, कारण मला लिहायची सवय नाही. पुढं काय काय घडलं ते सांगताना मुख्य गोष्ट राहून जाईल, अशी भीती वाटते.

तात्या म्हटलं की मला पहिल्यांदा त्यांचा कान आठवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात ते फिटर होते. मशीन बिघडलं की ते खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, टोक मशीनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला कुणी बोललं की डोळे न उघडता म्हणायचे, "गप. बोलू द्या त्येला." मग मशीन बोलायचं आणि तात्या ऐकायचे. थोड्या वेळानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून सांगायचे, "डावीकडचं बेअरिंग. आठ दिवस काढंल, नववा न्हाय." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण तात्यांचा कान कारखान्यापुरता नव्हता. घरात कुकर लावला तरी ते कान द्यायचे. फुटबॉलमधली हवा कुठून जाते तेही कानानंच शोधायचे, बादलीतल्या पाण्यात बुडवायची त्यांना गरज पडत नसे.

एकदा आमचा संघ मिरजेला सामन्याला निघाला होता. भाड्याची ट्रॅक्स चालू झाली तसे तात्या म्हणाले, "मागच्या चाकाचं बघा." ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, तुमी गाडीत बसा, चाक मी बघतो." हातकणंगल्याच्या पुढं गाडी बसली. "मी बोललो होतो की," असं तात्या म्हणाले नाहीत. शर्ट काढून घडी घालून माझ्याकडं दिला आणि गाडीखाली शिरले.

आता मी तिथं कसा आलो ते सांगतो. माझं गाव नागपूरच्या बाजूला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. आठवीत शाळा सुटली. वडील गेले होते. आई वीटभट्टीवर जायची, मीही जायला लागलो. संध्याकाळी विहाराच्या मागच्या मैदानात फुटबॉल खेळायचो. तेवढंच मला येत होतं. एका स्पर्धेत कोल्हापूरच्या एका पेठेच्या तालमीच्या माणसांनी मला खेळताना पाहिलं आणि तिथंच विचारलं, "येता का पावणं, आमच्याकडं?" कोल्हापूर म्हणजे किती लांब हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ. मला आणायला आमच्या पेठेत घरटी वर्गणी झाली होती. भाजीवालीनं दिली, पिठाच्या गिरणीवाल्यानं दिली. त्यामुळं माझं नावच 'म्हागडा पावणा' पडलं. रस्त्यानं जाताना कुणीही थांबवून विचारायचं, "काय पावणं, जेवला का? पाय कसं हायत?" पाय माझे असले तरी त्यांची चौकशी करायचा हक्क सगळ्या पेठेला होता. तालमीच्या माडीवर मी राहायचो आणि जेवणाचा डबा पाळीनं एकेका घरून यायचा. गुडघ्यांना ताकद यावी म्हणून घरोघरी पायाचं सूप करायचे. मला ते आवडायचं नाही, पण मी सगळं प्यायचो. न प्यालो तर माझ्यावर घातलेले पैसे वाया गेले असं त्यांना वाटेल, याची भीती वाटायची.

मंगळवारी डबा तात्यांच्या घरून यायचा. ते स्वतः घेऊन यायचे, कारण तालमीचं कपाट त्यांच्याकडं होतं. बूट, पंप, सुया, बॉल, जर्सी, सगळं. मी जेवेपर्यंत ते बॉलची शिवण बघत बसायचे. मी "काहून?" म्हटलं की हसायचे. "तुमचं ते काहून लई गोड लागतंय," म्हणायचे. ते मला पावणंच म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. माझं वय तेव्हा एकवीस.

पहिल्या हंगामात मी गोल केले आणि पेठेला चषक मिळाला. मला खांद्यावर घेऊन चौकातून फिरवलं. आईला एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा मागं ढोल वाजत होते. आईला वाटलं कुठंतरी भांडण झालं.

माझी धाकटी बहीण नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिचा खर्च माझ्या हंगामावर चालायचा. हे मी पेठेत कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या हंगामात, एप्रिलमध्ये, उपांत्य सामन्यात मी वळलो आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन झालं. मी पडलो, उठलो आणि खेळत राहिलो. आम्ही हरलो. लोक म्हणाले, पावण्याचा दिवस न्हवता. मीही तेच म्हणालो. मे महिन्यात गावी गेलो आणि गुडघ्याला हळद-चुना लावत बसलो. चालताना काही वाटायचं नाही. खाली बसलो की कधी कधी पाय तसाच अडकायचा. मग हातानं हलवून सोडवायचा. आईलाही हे दिसू दिलं नाही.

दिवाळीनंतर तालमीचा निरोप आला, लगेच निघा. त्या दिवसांत खेळाडूंची नावनोंदणी व्हायची. फॉर्मवर खेळाडूनं स्वतः सही करायची, आणि एकदा सही झाली की वर्षभर तो त्या संघाचा. त्यामुळं सह्यांच्या आधी आठ-दहा दिवस पळवापळवी चालायची. चांगला खेळाडू दिसला की दुसऱ्या पेठेचे लोक जीपमध्ये घालून न्यायचे, जेवू घालायचे आणि सही घ्यायचे. आमच्या शेजारच्या पेठेचा डोळा माझ्यावर होता. म्हणून अध्यक्षांनी ठरवलं की सह्यांच्या दिवसापर्यंत मला लपवायचं.

गंमत अशी की मला परत घ्यायचं की नाही, हेच अजून तालमीत ठरलं नव्हतं. अध्यक्ष म्हणत होते घ्यायचाच, नाहीतर तो तिकडून आपल्यावरच गोल मारंल. काही जण म्हणत होते, एवढा महाग माणूस दर वर्षी कसा परवडंल, लोक आता वर्गणीला दार उघडत न्हाईत. शिवाय पेठेतल्या एका रिक्षावाल्याचा मुलगा माझ्याच जागेवर खेळायचा. माझ्यामुळं तो दोन वर्षं बाकावर बसला होता, आणि त्याचा बाप मला रोज रिक्षातून मैदानावर फुकट सोडायचा. त्या रिक्षात बसायला मला नेहमी संकोच वाटायचा.

लपवायचं काम तात्यांना दिलं. गडमुडशिंगीला त्यांच्या बहिणीचं घर होतं. शेत, गोठा, गोठ्याला लागून एक खोली. तात्यांनी कारखान्यातून रजा काढली आणि मला त्यांच्या एम-एटी मोपेडवर मागं बसवून तिकडं नेलं. माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. वाटेत म्हणाले, "कुणी काय इचारलं तर मी बोलतो. तुमी फकस्त मान हलवा."

घराच्या दारात पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं?"

तात्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. थोडा वेळ त्यांनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "तिकडचं. नागपूरचं. म्हशी बघायला आल्यात."

मी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नागपूरचा गिऱ्हाईक आलाय, एवढ्या लांबून म्हणजे एक-दोन म्हशी नेणार नाही, ट्रकच भरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पहिली म्हैस आली. दुपारी दोन. तिसऱ्या दिवशी तर शेजारच्या वस्तीवरनं माणसं आली, म्हशी धुवून, शिंगांना तेल लावून. लपवलेल्या माणसाच्या दारात एवढी गर्दी कोल्हापूर जिल्ह्यात पुन्हा झाली नसेल. तात्या माझ्या कानात म्हणायचे, "पावणं, दात बघा. आता कास बघा. आता तोंड जरा वाकडं करा." मी तोंड वाकडं करायचो आणि मालक म्हणायचा, "किमतीचं बोलू की, आधी दूध तर पिऊन बघा." मग तिथंच धार काढून पेला माझ्या हातात यायचा. तीन दिवसांत मी किती दूध प्यालो त्याला मर्यादा नाही.

तात्यांच्या बहिणीनं, मी त्यांना आत्याबाई म्हणायचो, भावाला विचारलं, "एवढं खोटं बोलायचंच हुतं तर मेव्हण्याचा मित्र म्हणायचास की."

"सुचलं न्हाय," तात्या म्हणाले.

चौथ्या दिवशी एक गडी चांगली काळी, भरल्या अंगाची म्हैस घेऊन आला. तो फार हौशी होता. "असं उभं राहून कास कळत न्हाय पावणं," म्हणाला, "खाली बसा, हात लावून बघा." मी उकिडवा बसलो आणि गुडघा अडकला. उठता येईना. हातानं हलवला तरी सुटेना. म्हैस पाय आपटायला लागली. मी तसाच कुशीवर पडलो, आणि म्हशीचा मालक म्हणाला, "पसंत पडली जणू."

तात्या हसले नाहीत. त्यांनी मला काखेत धरून खोलीत नेलं आणि खाटेवर बसवलं. दार लोटलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, त्याची मूठ माझ्या गुडघ्याला लावली आणि टोक धरून कान जवळ आणला.

"तात्या, मी मशीन नाही," मी म्हणालो.

"गप. बोलू द्या त्येला."

एका हातानं त्यांनी माझा पाय हळूहळू सरळ केला. मधे एकदा कट असा आवाज झाला, तो मलाही ऐकू आला. तात्यांनी डोळे उघडले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी अहो-जाहो केलं नाही.

"कवापासनं हाय हे?"

"मले काही झालं नाही, तात्या."

"लेका, कवापासनं?"

मग मी सगळं सांगितलं. एप्रिलचा सामना, हळद-चुना, बहिणीचं शेवटचं वर्ष. सांगताना रडलो असेन. म्हणालो, हा एक हंगाम खेळू द्या, मग पाय मोडला तरी चालेल. कुणाला सांगू नका, पाया पडतो. तात्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. बाहेर जाऊन म्हशीवाल्याला सांगितलं की पावण्यांना उन्हाचा त्रास झाला. मग मला टॉवेल गुंडाळून एम-एटीवर बसवलं आणि कोल्हापुरात त्यांच्या ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. मागच्या दारानं.

डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, फोटो काढला आणि साध्या शब्दांत सांगितलं. सांध्यातली गादी फाटलीय. तिचा तुकडा मधे येतो म्हणून पाय अडकतो. ऑपरेशन करून सहा महिने विश्रांती घेतली तर आयुष्यभर चालाल, कामही कराल. अशाच पायानं आणखी एक हंगाम खेळलात तर चाळिशीच्या आत हातात काठी येईल. मी विचारलं, हंगाम झाल्यावर ऑपरेशन केलं तर? डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता तात्यांकडं बघितलं.

परतताना तात्यांनी खड्डे चुकवत गाडी हळू चालवली. मी मागं बसून मनातल्या मनात सामने मोजत होतो. किती सामने बाहेर बसून काढता येतील, किती इंजेक्शन घेऊन.

रविवारी संध्याकाळी तालमीत बैठक होती. घ्यायचं ठरलं की लगेच सहीला न्यायला सोपं पडावं म्हणून मलाही तिथं आणलं आणि माडीवर बसवलं. माडीला लाकडी फळ्या होत्या. खालचं सगळं ऐकू यायचं.

अध्यक्ष बोलले, सचिव बोलले. वर्गणीचं निघालं, शेजारच्या पेठेचं निघालं. कुणीतरी म्हणालं, "पावण्याला सोडला तर उद्या त्यो त्यांच्या जर्सीत दिसंल. बघवंल का?" बरेच जण म्हणाले, न्हाय बघवणार. माझ्या जिवात जीव आला. मग अध्यक्षांनी विचारलं, "तात्या, तुमी चार दिवस बरोबर हाय. तुमी सांगा. तयार हाय न्हवं पावणा?"

मी फळीच्या फटीला कान लावला. गुडघ्याचं बोलले की मी संपलो. इथंही आणि शेजारच्या पेठेतही. शिवाय लोक म्हणणार, वर्गणी खाल्ली आणि फसवलं.

तात्या म्हणाले, "घेऊ नका."

खाली कुणाची तरी खुर्ची मागं सरकली.

"का वो?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझं मत हाय. रिक्षावाल्याचं पोरगं दोन वरीस बसलंय. त्येला खेळवा."

"तात्या, पोरगं चांगलं हाय. पण पावण्यागत गोल मारणार हाय का?"

"न्हाय मारणार. तरी घेऊ नका."

"आवो पण कारण?"

"कारण न्हाय. घेऊ नका म्हणतो मी."

मग सचिव म्हणाला, आणि ते शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात, "त्यांनी किती दिलं तात्या तुमास्नी?"

पेठेत माणसाला यापेक्षा वाईट बोलता येत नाही. दारू पितो म्हणा, पत्ते खेळतो म्हणा, चालतं. शेजारच्या पेठेकडून पैसे घेतले म्हणणं म्हणजे त्याच्या घरावर दगड टाकणं. तात्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. पावण्याचा गुडघा गेलाय, डॉक्टरांना विचारा. एवढंच. मी वर बसून त्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कपाटाच्या किल्ल्या.

माडीचा जिना अकरा पायऱ्यांचा होता. मी खाली उतरून सांगायला पाहिजे होतं. उतरलो नाही. बहिणीचं नाव मनात घेत बसलो, जणू तिच्यासाठीच गप्प होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तिनं मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं.

शेवटी एक म्हातारे पहिलवान बोलले. "तात्याचा कान आजवर चुकलेला न्हाय. त्येला कायतरी ऐकू आलं असंल. सांगत न्हाय तर नसू दे." त्यांच्यामुळं जुनी माणसं तात्यांच्या बाजूनं झाली. ज्यांना वर्गणी नको होती ते आधीच होते. मला घ्यायचं नाही असं ठरलं.

माझं सामान गडमुडशिंगीला होतं म्हणून तात्यांनी मला परत तिकडं नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जीप आली. शेजारच्या पेठेचे तिघे. त्यांना बैठकीची खबर लागली होती. फॉर्म घेऊनच आले होते. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला, कारण दारात आलेल्याला चहा द्यायचा असतो. त्यांनी बोली सांगितली. ती आमच्या पेठेपेक्षा जास्त होती. बहिणीचं वर्ष सहज निघालं असतं.

पेन माझ्या हातात होता. तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस," ते म्हणाले. "सही तुझी, गुडघा तुझा." आणि ते आत म्हशींना वैरण टाकायला गेले.

मी त्या लोकांना सांगितलं की आई बीमार आहे, मी गावी चाललो, यंदा खेळत नाही. त्यांनी बोली वाढवली. मी तेच पुन्हा सांगितलं. खाटेवर माझी भरलेली पिशवी दिसली म्हणून त्यांना ते खरं वाटलं असावं. चहा पिऊन ते गेले.

पण जीप गावातून गेली ती लोकांनी पाहिली. गडमुडशिंगीहून रोज पेठेत दूध घालायला माणसं जातात. दुसऱ्या दिवशी पेठेत पक्कं झालं. तात्याच्या बहिणीच्या घरात बोलणी झाली, तात्यानंच घडवून आणली, पुढं बोली फिसकटली म्हणून पावणा तिकडंही गेला नाही. ज्या म्हाताऱ्या पहिलवानानं त्यांची बाजू घेतली होती, त्यानंही तोंड फिरवलं.

मी एसटीडी बूथवरून बहिणीला फोन केला. हॉस्टेलचा फोन, ती येईपर्यंत मीटर पळत होतं. म्हणालो, या वर्षीची फी भरता येत नाही. ती म्हणाली, "पाय कसा आहे ते सांग आधी." मी तिला पायाचं सांगितलंच नव्हतं. आईनं पाहिलं होतं म्हणे, मे महिन्यात. न दिसल्यासारखं केलं होतं. बहीण वर्षभर थांबली, एका दवाखान्यात आयाचं काम केलं आणि पुढच्या वर्षी परत गेली. तिचं ते वर्ष माझ्यामुळं गेलं, हे मी विसरत नाही. आज ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

ऑपरेशन ट्रस्टच्या दवाखान्यात झालं. मी तात्यांच्या घरी राहिलो, बाहेरच्या खोलीत. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला कधी विचारलं नाही की तुझ्यापायी आमच्या घरी कुणी हळदीकुंकवाला का येत नाही. त्यांना कारण माहीत होतं. मला धरून चालवायच्या आणि म्हणायच्या, "पेठेनं फुकट पायाचं सूप पाजलं बघ. आता मी पाजते, बघू कुणाचं लागतंय."

टाके निघाल्यावर तात्यांनी मला त्यांच्या कारखान्यात बाकड्यावर बसवलं. बसून करायचं काम. कानस मारणं, व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरून भाग साफ करणं. पगार थोडा होता. तात्या कडक होते. "फुटबॉल न्हाय ह्यो, लाथ मारू नको," म्हणायचे. हळूहळू मला आवाज कळायला लागले. एकदा मी न विचारता म्हणालो, "तात्या, त्या लेथचा पट्टा घसरतोय." ते थांबले, ऐकलं आणि म्हणाले, "व्हय." तेवढंच. माझ्या पहिल्या गोलावर एवढा आनंद झाला नव्हता.

हंगाम सुरू झाला. रिक्षावाल्याच्या मुलानं त्या वर्षी ढिगानं गोल केले असं लिहायला मला आवडलं असतं. केले चार. तात्या मैदानावर जायचे, पण पेठेच्या लोकांत बसायचे नाहीत. पलीकडच्या बाजूला, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी एकटेच. मी बरोबर असलो की लोक वळून बघायचे, आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं. एकदा आमच्या संघाचा बॉल नरम पडला होता. नवीन पोरगा पंप मारत होता आणि हवा राहत नव्हती. तात्यांना इतक्या लांबून काय कळलं कोण जाणे. "व्हॉल्वपाशी हाय," असं स्वतःशीच म्हणाले. उठले नाहीत.

मी त्यांना किती वेळा म्हणालो, तात्या, मी तालमीत जाऊन सांगतो. दर वेळी एकच उत्तर. "आत्ता सांगितलंस तर तुला खोटारडा म्हणतील. तू लांबचा. तुला कोण हाय हितं? मी हितलाच. मला हाकलून कुठं घालतील?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण मी गप्प बसायचो ते मला सोयीचं होतं म्हणून. हे आता लिहिता येतं.

पुढं मला इचलकरंजीत यंत्रमागाचे भाग दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये चांगलं काम मिळालं. लग्न झालं, मुलगी झाली. तात्या मुलीला बघायला आले तेव्हा माझ्या वर्कशॉपमध्ये आधी गेले, मग घरी. जाताना म्हणाले, "बाकडं चांगलं ठेवलंयस." दिवाळीला मी जायचो. तालमीचा विषय निघाला की काकू विषय बदलायच्या. दहा वर्षं अशीच गेली. दर दिवाळीला परतताना एसटीत वाटायचं, या वेळी सांगायला पाहिजे होतं.

परवाच्या पावसाळ्यात तात्या गेले. फोन आला तेव्हा मी कामावर होतो. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरी जाऊन काकूंना भेटलो आणि चौकात आलो. तिथं तालमीचा काळा फळा आहे. पेठेत कुणी गेलं की त्यावर खडूनं नाव लिहितात. तालमीचा माणूस असेल तर नावाखाली तेही लिहितात, जुने खेळाडू, ज्येष्ठ सभासद, काहीही. तात्यांचं नाव होतं, वेळ होती. खाली काही नव्हतं. फळ्यावर तेवढी जागा मोकळी होती. मी बराच वेळ तिथं उभा होतो. एका पोरानं विचारलं, "कोण पायजे पावणं?" त्यानं मला ओळखलं नाही.

सह्यांच्या आधीची बैठक अजूनही तालमीतच होते, दिवाळीनंतरच्या रविवारी. मी यंदा रजा सांगून ठेवली आहे. अध्यक्ष बदललेत, सचिव तोच आहे. मला बोलायची सवय नाही, हे माहीत आहे. तरी जाणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की गुडघा माझा गेला होता, खोटं मी बोललो होतो आणि तात्यांनी कुणाचा एक पैसा घेतला नव्हता. तात्या, तुमचं बाकीचं मला फेडता येणार नाही. एवढं मी फेडणार.